सव्वीस आटे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे. त्या खांबावर हल्ली एक छापील कागद चिकटवलेला असतो. पाणी कुठल्या वारी, किती वाजता, किती वेळ, सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली गोल शिक्का असतो. येणारे-जाणारे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. लोकांनी आता नळच उघडे ठेवलेत. नळ सूं करून वाजला की धावत जाऊन बादली लावायची, नाही वाजला तर नाही. तो कागद माझा भाऊ चिकटवतो. डिंक लावतो, तळहाताने चारी कोपरे नीट दाबतो आणि कुणाच्याही दाराकडे न बघता निघून जातो.

चोवीस वर्षं हाच माणूस दारोदार जाऊन पाण्याची वेळ तोंडाने सांगत होता. आता सांगत नाही. का सांगत नाही ते मला माहीत आहे, कारण त्यात माझा हात आहे. गल्लीत मी हे दोन-तीन वेळा सांगून पाहिलं, कुणाला पटत नाही. म्हणून इथे सांगते.

मी शिवणकाम करते. नवीन कपडे फारसे शिवत नाही. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, थोरल्याचा गणवेश धाकट्याला बसवायचा, असलीच कामं. दिवस तंगीचे आले की हा धंदा उलट बरा चालतो. दुकान म्हणजे तळमजल्यावरची पुढची खोली, मागच्या खोलीत मी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानाच्या पायरीपासून चार पावलांवर रस्त्यात एक लोखंडी झाकण आहे आणि त्या झाकणाखाली आमच्या गल्लीच्या पाण्याचा व्हॉल्व आहे. माझा धाकटा भाऊ पाणीखात्यात आहे. व्हॉल्व उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा आणि पुढच्या गल्लीकडे जायचं, हे त्याचं काम.

त्याच्याकडे छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी असते. वर आडवी मूठ, खाली चौकोनी भोक. झाकण उचलायचं, चावी आत बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. आमचा व्हॉल्व पूर्ण उघडायला सव्वीस आटे फिरवावे लागतात. प्रत्येक आट्याला तो एकदा करकरतो, त्यामुळे मशीनवर बसल्या बसल्या मला मोजता येतात. न बघता मोजायची सवयच लागून गेली आहे.

गल्लीत त्याला 'बरोब्बर' म्हणायचे. कारण तो बोलायचाच तसा. "उद्या एक वाजता. बरोब्बर एक." आणि एक म्हणजे एक. लोक त्याच्या चावीच्या आवाजावर घड्याळं लावायचे. आई सांगायची, हा जन्मलासुद्धा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला, आणि मी मात्र तेरा दिवस उशिरा. त्यावरून ती मला शेवटपर्यंत ऐकवत राहिली. लहानपणी मला त्याच्या ह्या बरोब्बरपणाचा राग यायचा. शाळेच्या वाटेवर मी जरा कुठे रेंगाळले की हा रस्त्यात उभा राहून रडायचा, उशीर होईल म्हणून.

दारोदार सांगत फिरायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मोठी पाइप फुटली आणि दोन दिवस पाणी बंद राहिलं. ऑफिसने नोटीस लावली होती, पण कुठे, तर ऑफिसच्याच दारात. नेमकी त्याच दिवशी आमच्या इमारतीतली एक बाळंतीण तान्ह्याला घेऊन दवाखान्यातून घरी आली आणि घरात पेलाभर पाणी नाही. तिचा नवरा माझ्या भावाला एक शब्द बोलला नाही. रिकामी बादली हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला, एवढंच. हा त्या रात्री जेवला नाही. तेव्हापासून वेळेत कसलाही बदल असला की आदल्या दिवशी संध्याकाळी ह्याची फेरी ठरलेली. प्रत्येक दार वाजवायचं, दोन वाक्यं सांगायची, पुढे जायचं. बासष्ट दारं. पहिलं दार माझं.

आमच्या गल्लीची पाळी दुपारची, एक ते तीन. आता दुपारी घरी असतं कोण? सगळे कामावर. त्यातून एक रीत पडून गेली. आमच्या इमारतीतली माणसं कामावर जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवून जायची. पाणी आलं की मी मशीन थांबवायची, जिना चढून एकेक दार उघडायची, नळ सोडायची, पिंप भरलं की बंद करायची. माझ्या मशीनमागच्या भिंतीवर सात खिळे आहेत, सात घरांच्या किल्ल्यांचे. लोकांचा विश्वास माझ्यावर होता असं मला तेव्हा वाटायचं. तसा तो होताही, पण मुळात तो ह्याच्यावर होता. ह्याने एक म्हटलं म्हणजे एक, म्हणून माझ्याकडे किल्ली.

मग ते सरकार आलं.

तसं सरकार येतं नि जातं, आपल्याला पँटच शिवायची असते. पण ह्यांनी चोवीस तास पाणी देऊ म्हणून सांगितलं होतं. निवडून आल्यावर टेकडीवर टाकी बांधलीही. मोठी, निळ्या रंगाची, गल्लीतून दिसणारी. उद्घाटनाला मंत्री आले. पाणीखात्याच्या सगळ्या माणसांना नवे गणवेश मिळाले. भावाचा खांद्यात सैल होता, तो मीच बसवून दिला. मंत्र्यांनी नळ सोडला, पेलाभर पाणी प्यायले, टाळ्या झाल्या. जाता जाता त्यांनी माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "किती वर्षं झाली नोकरीला?" झालं. आमचा हा भोळा. खांद्यावर कुणी हात ठेवला की विरघळतो. त्या नळातलं पाणी टँकरने आणून वर चढवलं होतं, हे आम्हाला पुढे कित्येक महिन्यांनी कळलं.

त्या संध्याकाळी तो दारोदार फिरला. एवढा खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "पिंपं काढून टाका," तो प्रत्येकाला सांगत होता. "घरात उगाच जागा अडते, डास होतात. आता लागणार नाहीत." हे त्याला वरून कुणी सांगायला लावलं नव्हतं. हे त्याचं स्वतःचं. आणि बरोब्बरने सांगितलं म्हणून लोकांनी पिंपं काढली. भंगारवाला दोन हातगाड्या भरून घेऊन गेला. माझंही त्यात गेलं. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहतात. त्यांनी तेवढं पिंप दिलं नाही, त्यात माती भरून वेल लावला.

टाकी काही भरली नाही. टाकीपर्यंत पाणी चढवायला पंप लागतात, ते पुढच्या वर्षी घेणार होते. पुढच्या वर्षी काटकसर आली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तेच आम्हाला रेडिओवरून समजावू लागले. काटकसर हा शब्द मला कुणी शिकवायला नको, मी चिंधीतून खिसा काढणारी बाई. पण काटकसर करणारा माणूस आधी स्वतःच्या ताटातलं कमी करतो. ह्यांनी आमच्या ताटाकडे बोट दाखवलं. दवाखाना आठवड्यातून एकच दुपार उघडायला लागला. शाळेचे दोन वर्ग एका खोलीत बसवले, थोरल्याला धाकट्याचा गणवेश घालावा तसे. आणि पाणीखात्यातल्या जुन्या तीन पंपांपैकी दोन वीज वाचवायला बंद झाले.

भावाबरोबरची दोन माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. त्यांचे भाग ह्याच्या गळ्यात पडले. दोन तासांचं पाणी चाळीस मिनिटांवर आलं. व्हॉल्व पूर्ण उघडायचा नाही, असा लेखी हुकूम निघाला. मशीनवर बसून मी मोजायला लागले आणि करकर अकरावर थांबली. मला वाटलं, थकला असेल, दम खातोय. पण त्याने चावी काढून घेतली आणि झाकण लावलं.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय. तात्पुरतं आहे, पंधरा दिवसांनी सगळं पहिल्यासारखं."

हे साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. आमची गल्ली त्यांनी नकाशावर पाहिली असेल तेवढीच. पण ह्याने बासष्ट दारं वाजवून सांगितलं, पंधरा दिवस, बरोब्बर पंधरा. लोकांनी मान डोलावली. कुणी कुरकुर केली नाही. उलट तो दमलेला दिसतो म्हणून दोन घरांनी चहा पाजला.

पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा पंधरा दिवस सांगितले. मग पुन्हा. वर एकट्याने तीन भाग सांभाळायचे म्हणून वेळही रोज बदलायला लागली. कधी सकाळी अकरा, कधी दुपारी चार. हा सांगायचा, लोक अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी थांबायचे, हा वेळेवर येऊन अकरा आटे फिरवायचा आणि नळातून नुसती हवा यायची, कारण तिकडे पंप चालूच केलेला नसायचा. ह्याची वेळ बरोब्बर, पाणीच येत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर एक बाई आहे, कॅन्टीनमध्ये काम करते. तिच्या अशा चार अर्ध्या रजा फुकट गेल्या. पाचव्या वेळी तिने ह्याला दारातच विचारलं, "भाऊ, तुमच्या पंधरा दिवसांचा महिना तरी कधी होणार ते सांगा." जिन्यातली माणसं हसली. हाही हसला बिचारा.

लोकांनी पुन्हा पिंपं घेतली. त्याच भंगारवाल्याकडून, आपलीच पिंपं, दुप्पट भावाने. माझं मला मिळालं, झाकणावरच्या पोच्यावरून ओळखलं मी. नर्सबाईंनी वेल उपटला, माती खाली टाकली आणि पिंप तीन दिवस घासलं, तरी पाण्याला मातीचा वास यायचाच.

पाचव्यांदा पंधरा दिवस सांगायची पाळी आली तेव्हा तो साहेबांकडे गेला होता. हे त्याने मला नंतर सांगितलं. "साहेब, आता काय सांगू लोकांना?" साहेब म्हणाले, "तेच सांगा." "साहेब, तेच आता कुणी ऐकत नाही." त्यावर साहेब म्हणाले, "मग सांगू नका. सांगायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?" आणि ते खरंच होतं. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "सोड की मग. चावी फिरव आणि घरी जा. सरकारचं खोटं तू कशाला अंगावर घेतोस?"

"न सांगता कसं चालेल?" तो म्हणाला. "कुणाच्या घरी तान्हं मूल असतं, ताई."

पुढची गोष्ट एका सोमवारची. सकाळी मी दुकान उघडलं तर गल्लीच्या तोंडापासून त्या झाकणापर्यंत रिकाम्या बादल्यांची रांग. लाल, निळ्या, फुटक्या, कान तुटलेल्या. झाकणावर एक पातेलं पालथं घातलेलं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला पत्ता नाही. मला सांगितलं नाही, मी त्याची बहीण ना. पाळी आली तसा हा चावी खांद्यावर टाकून आला. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. त्याने चावी भिंतीला टेकवली आणि वाटेतल्या बादल्या एकेक करून उचलून कडेला ठेवायला सुरुवात केली. एकीलाही पाय लावला नाही. झाकण मोकळं केलं, अकरा आटे फिरवले, आणि मग त्याच बादल्या परत होत्या तशा रांगेत लावल्या.

माझं डोकं फिरलं. मी रस्त्यात उभी राहून खिडक्यांकडे बघत ओरडले, "त्या मंत्र्याच्या दारात लावा की बादल्या! इथे गरिबाला कसलं खिजवता?"

"ओरडू नकोस, ताई," तो हळूच म्हणाला. "बादल्या खरंच रिकाम्या आहेत त्यांच्या."

त्यानंतर गल्ली गप्प झाली. हे मला जास्त लागलं. आधी लोक भांडायचे, ह्याला बोल लावायचे, सरकारला शिव्या द्यायचे, सलूनवाल्याच्या दुकानात रोज सरकार पाडायचे आणि बसवायचे. मग एकेक करून सगळे थांबले. हा दार वाजवायचा, सांगायचा, लोक "बरं" म्हणायचे आणि दार लावायचे. बरोब्बर म्हणून हाक मारणंसुद्धा बंद झालं. माझ्या खिळ्यांवरच्या किल्ल्या कमी होत गेल्या. कुणी भांडून नेली नाही. "आज राहू दे, आज मी लवकर येतोय," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशीही ठेवायचे नाहीत. शेवटी एकच उरली, नर्सबाईंची.

"शिव्या देत होते तोवर बरं होतं," एकदा चहा पिताना तो म्हणाला. "निदान त्यांना वाटत होतं की मला सांगून काही होईल."

तिकडे सभागृहात विरोधकांनी सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. माझा रेडिओ दिवसभर तेच सांगत होता. कोण कुठल्या बाजूला गेलं, कोण आजारी पडलं, किती मतं. संध्याकाळी ठराव फेटाळला गेला, सरकार तरलं. तिथे फेटाळला असेल. आमच्या गल्लीत तो केव्हाच मंजूर झाला होता, हात वर न करता.

पण सरकारवाले घाबरले असावेत, कारण निवडणूक तोंडावर आली होती. एका बुधवारी संध्याकाळी भाऊ दुकानात आला तेव्हा त्याच्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर गंज आणि चुन्याचे डाग होते. "कुठे लोळून आलास?" मी विचारलं. "मीच धुतलेली पँट ना ती?"

"कामात लागलं," तो म्हणाला. बसला नाही. पुढे म्हणाला, "उद्यापासून पूर्ण. एक ते तीन, पूर्ण दाबाने, पहिल्यासारखं."

मी तोंडात टाचण्या धरून एका पँटला दुमड घालत होते. त्याच्याकडे न बघता मी "बरं" म्हटलं.

मला आज आठवतं, तो क्षणभर उभा राहिला होता. आणखी काही विचारेन अशी वाट बघत असावा. मी विचारलं नाही. मग तो उरलेल्या एकसष्ट दारांकडे गेला. जिन्यातून मला ऐकू येत होतं. दार वाजलं, दोन वाक्यं, "बरं", दार बंद. दार वाजलं, दोन वाक्यं, "बरं", दार बंद.

गुरुवारी सकाळी नर्सबाई किल्ली द्यायला आल्या. गुरुवार हा दवाखान्याचा एकुलता एक दिवस. त्यांना कंबर दाखवायला जायचं होतं आणि तिथल्या रांगेत दुपार जाते. "आज एक ते तीन," त्या म्हणाल्या. "भरशील ना?"

"येईल असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"अगं, तो म्हणालाय ना," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. माणूस दुसऱ्याचं सांगतोय की स्वतःचं, ते मला चेहऱ्यावरून कळतं. काल तो स्वतःचं सांगत होता."

मी किल्ली घेतली. खिळ्याला लावायची ती हातात मोजपट्टी होती म्हणून खणात टाकली. आणि साडेबारा वाजता दुकानाला कुलूप लावून बाजारात गेले. चेन संपल्या होत्या, घाऊक दुकानदार दोनला बंद करतो. हे सगळं खरं आहे, पण हे कारण नाही. बाजारात शुक्रवारीही जाता आलं असतं. पाणी येणार असं मला वाटलं असतं तर मी गेले नसते, इतकी साधी गोष्ट आहे. खणातली किल्ली मला आठवत होती. चाळीस मिनिटं हवा वाजेल, त्यासाठी जिने कोण चढणार, असं मनात म्हणतच मी गेले.

परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. गल्लीत शिरले आणि चपला ओल्या झाल्या. गटारातून स्वच्छ पाणी वाहत होतं. आमच्या अंगणातला नळ कुणीतरी उघडा ठेवला होता, त्याच्याखाली रस्ताभर तळं साचलं होतं. भाऊ झाकणापाशी वाकून व्हॉल्व बंद करत होता. करकर चालूच होती, संपत नव्हती. मला मोजायची गरज पडली नाही.

ज्या चार-पाच घरांत माणसं होती त्यांनी भरून घेतलं असणार. पण ते कुणाला सांगायला गेले नाहीत. बाकी दारांना कुलपं होती. दोन तास पूर्ण दाबाने पाणी आमच्या गल्लीत आलं आणि बंद नळांना टेकून परत गेलं.

त्याने झाकण लावलं, चावी घेतली आणि माझ्या पायरीवर येऊन बसला. "एकला आलो तेव्हा कुलूप होतं," तो म्हणाला. "वाटलं, वर असशील, भरत असशील. मग पुढचे दोन भाग उघडायला गेलो."

मी दुकानाचं कुलूप काढलं. पिशवीतल्या चेन काढून उगाच रंगाप्रमाणे लावत बसले.

"टाकीवर चढून बघून आलो होतो काल," तो म्हणाला. "निवडणुकीपायी पंप बसवून टाकी भरली, असं साहेब म्हणाले, पण त्यांच्या शब्दावर नव्हतं सांगितलं ह्या वेळी. शिडीवरून वर गेलो, झाकण उघडून आत बघितलं. काठोकाठ भरली होती, ताई. म्हणून सांगितलं."

तेव्हा मला ते गुडघ्यांवरचे डाग कळले. त्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून वाकत नाही नीट. मला रडू येत होतं आणि आम्हा भावंडांना रडण्यापेक्षा भांडणं सोपं जातं. "मग तसं सांगायचंस ना काल! टाकी बघून आलोय म्हणून सांगितलं असतंस तर मी गेले असते का?"

"इतकी वर्षं कधी सांगावं लागलं होतं?" तो म्हणाला.

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. नुसता विचारत होता, खरंच उत्तर हवं असल्यासारखा.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नर्सबाई दिसल्या. एक हात भिंतीला धरून, पाण्यातून पाऊल जपत येत होत्या.  त्यांचं पिंप रिकामं, किल्ली माझ्या खणात. अख्ख्या गल्लीत त्याच्या शब्दावर विसंबलेलं एकच माणूस उरलं होतं, आणि ते मी आज घालवलं होतं.

त्या पायरीशी येऊन थांबल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आमचे चेहरे बघून त्यांना जे समजायचं ते समजलं. "नाही आलं ना?" त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत तो उठून उभा राहिला.

"नाही आलं, बाई," तो म्हणाला. "माझंच चुकलं. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

चोवीस वर्षांत त्याने पाण्याबद्दल स्वतःहून सांगितलेलं हे एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी. म्हातारीने बहिणीला बोलू नये म्हणून त्याने आपला उरलासुरला शब्द असा माझ्या पायरीवर ठेवून दिला. मला ते सहन झालं नाही.

"आलं होतं," मी म्हटलं. "पूर्ण दोन तास आलं, दाबाने आलं. मीच नव्हते. तुमची किल्ली खणात टाकून मी बाजारात गेले. हा खरंच बोलला होता, बाई. टाकीवर चढून बघून आला होता. चूक माझी आहे."

नर्सबाईंनी ओल्या रस्त्याकडे पाहिलं. "हे होय? मला वाटलं, कुठे पाइप फुटली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. आजाऱ्याने दुखत नाही म्हटलं की नर्स हसते तशा हसल्या. "असू दे गं. भाऊ आहे तुझा, तू सांभाळून घेणारच."

"अहो, पण खरंच—"

"असू दे," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी खणातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. कठडा धरून, एकेक पायरीवर थांबत त्या वर गेल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग पिंपाचं झाकण उचलून परत ठेवल्याचा.

तो परत पायरीवर बसला. चार वाजता त्याला पुढची गल्ली उघडायची होती. पावणेचारला तो उठला, चावी खांद्यावर घेतली, झाकण नीट बसलंय ना म्हणून पायाने चाचपून पाहिलं. मग परत वळून दुकानाच्या दारात आला.

"ताई," तो म्हणाला, "तुझ्याकडे डिंक आहे का गं?"